जेकब लॉरेन्स यांच्या सहा चित्रांच्या अभ्यासप्रती : हार्डबोर्ड, जेसो आणि केसीनच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स यांच्या स्थलांतर-चित्रमालेतील सहा फलकांच्या अभ्यासप्रती, त्यांनी वापरलेल्या साहित्यातच आणि त्यांच्याच क्रमाने करून पाहायच्या, असे ठरवून आजपासून काम सुरू करत आहे. कोल्हापुरात पावसाळ्यात असे काम करणाऱ्याला पुढे उपयोग व्हावा म्हणून काय फसले, किती पैसे गेले आणि किती दिवस वाया गेले ते सर्व येथे लिहून ठेवणार आहे.

चित्रमालेची थोडी माहिती आधी द्यावी लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. लॉरेन्स यांनी १९४० आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ६० फलक रंगवले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुइस अशा उत्तरेकडील शहरांत कशी आणि का गेली, याची ही कथा आहे आणि प्रत्येक फलकाखाली तिचा काही भाग सांगणारा मथळा आहे. त्या वेळी लॉरेन्स जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्यांची आई व्हर्जिनियाची आणि वडील साउथ कॅरोलिनाचे, म्हणजे ते स्वतः याच स्थलांतराचे अपत्य होते. त्यांचा जन्म १९१७ मध्ये अटलांटिक सिटीत झाला, बालपणीची काही वर्षे फिलाडेल्फियात आईपासून दूर पालनगृहांत गेली आणि तेराव्या वर्षी ते हार्लेमला आले. ही चित्रे रंगवून होईपर्यंत त्यांनी दक्षिण डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. घरी आणि शेजारी ऐकलेल्या हकीकती आणि १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात केलेले वाचन एवढ्या सामग्रीवर त्यांनी ती उभी केली. याच वस्तुस्थितीमुळे मला ही माला इतर कोणत्याही ऐतिहासिक चित्रमालेपेक्षा जवळची वाटते.

मूळ फलक १२ × १८ इंचांचे असून हार्डबोर्डवर केसीन टेंपेरात, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेल्या रंगांत, रंगवलेले आहेत. विषम क्रमांकांचे ३० वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आणि सम क्रमांकांचे ३० न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. बहिणीकडे गेले असताना वॉशिंग्टनमधील काही फलक मी प्रत्यक्ष पाहिले होते. छापील पुस्तकात ते रंगीत कागद कापून चिकटवल्यासारखे सपाट दिसतात. जवळून पाहिल्यावर मात्र खालच्या पांढऱ्या जेसोवरचे, म्हणजे रंगाआधी देतात त्या सरस-खडूच्या अस्तरावरचे, कुंचल्याचे फराटे आणि काही ठिकाणी पेन्सिलीची रेघही दिसते.

मी निवडलेले फलक १, १०, २२, ५७, ५८ आणि ६० हे आहेत. आकार मुद्दाम ८ × १२ इंच, म्हणजे मूळच्या दोन तृतीयांश ठेवला आहे, जेणेकरून प्रत मूळ म्हणून कोठे खपू नये. पाठीमागे ‘अभ्यासप्रत’ असे लिहायचे आहे आणि यातील एकही विकायची नाही.

७ जून

३ मिमी जाडीचा आठ बाय चार फुटांचा एक हार्डबोर्ड घेतला, कारण अर्धा कोणी देत नाही. ओळखीच्या सुताराकडून त्यातून १४ तुकडे कापून घेतले : सहा कामाचे, सहा राखीव आणि दोन चाचणीसाठी. तुकडे आखताना करवतीच्या पात्याची जाडी धरायला मी विसरले, त्यामुळे काही तुकडे दोन-तीन मिमी लहान आले. चित्राची चौकट त्या त्या तुकड्याच्या खऱ्या मापावरून आखून हे निभावता येईल.

निघताना सुतार म्हणाले, “ताई, पावसाचं दिवस हाईत. ह्यो एकाच अंगानं रंगवलासा तर पापडावाणी वळणार बघा.” मी ते ऐकून घेतले, पण तेव्हा मनावर घेतले नाही.

१० जून

जेसोसाठी सरस आणि खडूची पूड लागते. सरस रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी, मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात लहान पातेले ठेवून विरघळवला. सरस कधीही उकळू देऊ नये, उकळला की त्याची चिकटण्याची ताकद जाते. इथपर्यंत ठीक झाले.

खडूची पूड म्हणून दुकानातून जी पिशवी मिळाली ती प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली. पिशवीवर नाव नव्हते आणि मीही विचारून खात्री केली नाही. सरसात ती पूड टाकून ढवळल्यावर काही मिनिटांतच मिश्रण घट्ट होऊ लागले आणि थोड्या वेळाने पातेल्यात दगड बसला. एक पातेले, ८० रुपयांची पूड आणि सकाळचे चार तास गेले. दोन्ही पुडी दिसायला सारख्या असतात, म्हणून आधी चमचाभर पूड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवावी. प्लास्टर असेल तर ती कडक होते, खडू असेल तर तळाशी मऊ बसतो.

१६ जून

सुतार म्हणाले होते तेच झाले. १४ तारखेला सहा तुकड्यांच्या दर्शनी बाजूवर जेसोचे दोन हात दिले, तर काल सकाळी सगळ्यांचे कोपरे वर उचललेले होते आणि एका तुकड्याचा कोपरा मोजला तर टेबलापासून चांगला एक सेंटिमीटर वर होता. जेसो सुकताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या बाजूने तेवढीच ओढ नसेल तर बोर्ड वळणारच, आणि दमट हवेत जास्त वळणार.

उपाय असा केला : सर्व तुकड्यांच्या पाठीवरही दोन हात दिले, मग लाकडी पट्ट्यांवर ठेवून दोन्ही बाजूंनी हवा लागू दिली आणि जवळजवळ सुकल्यावर कागदात घालून जड पुस्तकांखाली दाबून ठेवले. चार तुकडे सरळ झाले, दोन झाले नाहीत. राखीव तुकडे घेतले आणि त्यांना सुरुवातीपासूनच एक हात पुढे, एक हात मागे असे दिले. हे दोन्ही आजपर्यंत सरळ आहेत.

या कामाच्या कंटाळवाणेपणात एक गोष्ट सारखी मनात येत राहिली. लॉरेन्स यांच्या साठही फलकांना जेसो देण्याच्या कामात ग्वेंडोलिन नाइट यांचा हात होता आणि फलकांखालच्या वाक्यांवरही त्यांनी त्यांच्याबरोबर काम केले. त्या स्वतः चित्रकार होत्या, बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या, आणि जुलै १९४१ मध्ये त्या दोघांचे लग्न झाले. साठ फलक, प्रत्येकाला कित्येक हात, मधे घासणे, पुन्हा हात : माझ्या सहा फलकांना दहा दिवस लागले आहेत. या चित्रमालेबद्दल लिहिताना त्यांचे नाव एका ओळीत उरकले जाते. मी पाठीवर दोन हात दिल्यानंतर तरी तसे करू शकत नाही.

२२ जून

पहिल्या दोन हातांवर बारीक तडे दिसू लागले. कारण सरसाचे प्रमाण होते. सुतारकामाचा सरस कडक असतो आणि मी एकास पाच पाणी धरले होते. आता १०० ग्रॅम सरसाला एक लिटर पाणी घेतले, खडू सायीइतका दाट होईपर्यंत घातला आणि तडे पडलेला थर ओल्या फडक्याने पुसून काढून पुन्हा चार हात दिले. ढवळताना हवा मिसळली तर सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, म्हणून चमच्याऐवजी सपाट कुंचल्याने सावकाश ढवळावे आणि पहिला हात बोटांनी चोळून द्यावा.

शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. अगदी काचेसारखे गुळगुळीत केले नाही, कारण मूळ फलकांवर कुंचल्याचा खडबडीतपणा दिसतो आणि रंगाला धरायलाही काहीतरी लागते.

२७ जून

केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. तयार पूड बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते, म्हणून दुधापासूनच काढायचे ठरवले. पहिल्या वेळी पिशवीतले टोन्ड दूध घेतले, कोमट करून व्हिनेगर घातला, फाटलेला चोथा फडक्यात गाळला, धुतला आणि त्यात टाकणखाराचे गरम पाणी घातले. मध तयार व्हावा तसे पारदर्शक, चिकट द्रावण व्हायला हवे होते. प्रत्यक्षात वर तेलकट तवंग असलेले पांढुरके पाणी झाले. रंग मिसळून चाचणीच्या तुकड्यावर लावला तर दुसऱ्या दिवशी बोटाला येत होता.

दुधातला स्निग्धांश हे त्याचे कारण. टोन्ड दुधातही तो पुरेसा असतो.

३० जून

गावातल्या डेअरीतून मलई काढलेले सेपरेट दूध चार लिटर आणले. या वेळी चोथा पाच वेळा थंड पाण्यात धुतला, अगदी पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि घट्ट पिळून कागदावर पसरून पंख्याखाली वाळवला. वाळल्यावर मिक्सरमध्ये भरड पूड केली. ५० ग्रॅम पूड पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी १६ ग्रॅम टाकणखार पाव लिटर गरम पाण्यात विरघळवून तिच्यात ओतला आणि भांडे गरम पाण्यात ठेवून सावकाश ढवळत राहिले. सुमारे वीस मिनिटांत कण नाहीसे होऊन मधासारखे द्रावण झाले. ते गाळून बाटलीत भरले, लवंगतेलाचे चार थेंब टाकले आणि फ्रिजमध्ये ठेवले.

चाचणी अशी : रंग सुकल्यावर बोटाने चोळून पाहावा. बोटाला आला तर केसीन कमी पडले, रंगाला चमक आली किंवा खपली सुटली तर जास्त झाले. सुकल्यावर रंग ओल्यापेक्षा बराच फिका होतो, त्यामुळे ओल्या रंगावर विसंबून छटा ठरवू नये. केसीनचा थर कडक आणि ठिसूळ असतो, वाकणाऱ्या कापडावर तो तडकतो. हार्डबोर्ड कशासाठी, हे आता हाताला कळले.

४ जुलै

रेखांकन. चौकटी आखून पेन्सिलीने सहाही फलक उतरवले. फलक १ ला सर्वांत जास्त वेळ लागला : शिकागो, न्यूयॉर्क आणि सेंट लुइस अशी नावे लिहिलेल्या तीन फाटकांकडे दाटीवाटीने सरकणारा जमाव. पहिल्यांदा मी प्रत्येक माणूस वेगळा मानून काढत गेले आणि जमाव विस्कटला. टोप्या, खांदे आणि पाठी हे एकात एक अडकलेले आकार म्हणून काढले तेव्हा कुठे तो एकत्र चालू लागला.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. फलक १० मध्ये टेबलाशी बसलेले एक जोडपे आहे, पुढ्यात वाट्या आहेत आणि मथळा एवढाच आहे की ते फार गरीब होते. मी नकळत त्यांच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या रेषा वाढवल्या, कपाळावर आठी घातली, आणि पाहता पाहता ती दोघे दयेची याचना करणारी माणसे झाली. मूळ चित्रात तसे अजिबात नाही. तिथे मान, खांदे आणि वाटीकडे झुकलेले शरीर एवढ्यातच सगळे आहे, आणि पाहणाऱ्याकडे ते काहीही मागत नाहीत. रेषा खोडल्या. जेसोवर खोडरबर जोरात चालवला तर तो तुकतुकीत होतो आणि तिथे रंग धरत नाही, म्हणून ती जागा पुन्हा हलकेच घासावी लागली.

९ जुलै

आजची नोंद मी सविस्तर लिहीत आहे, कारण या कामातली माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली आणि सर्वांत जास्त शिकणेही इथेच झाले.

लॉरेन्स यांनी साठ फलक एकामागून एक पूर्ण केले नाहीत. ते सर्व एकदम मांडून, एक रंग घेऊन तो ज्या ज्या फलकात जिथे जिथे हवा तिथे लावत ते साठांवरून जात, मग दुसरा रंग घेत, आणि हा क्रम काळ्यापासून फिक्या रंगांकडे असे. मला हे ठाऊक होते. तरीही ५ तारखेला उत्साहाच्या भरात मी फलक ५७ एकटाच पूर्ण करायला घेतला. तो माझा सर्वांत आवडता आहे : पांढऱ्या झग्यातली एक कपडे धुणारी स्त्री लांब काठीने रंगीबेरंगी कपड्यांचा हौद ढवळत उभी आहे. तीन दिवसांत तो झाला आणि चांगला झाला. मग फलक ५८ घेतला. फळ्यावर हात उंचावून आकडे लिहिणाऱ्या तीन पाठमोऱ्या मुलींच्या हातांसाठी तपकिरी रंग कालवला, तर तो धुणाऱ्या बाईच्या हातांच्या तपकिरीशी जुळेना. बर्न्ट अंबर (भाजलेल्या मातीचा तपकिरी रंग) तोच, गेरू तोच, बाटलीही तीच. प्रमाणात किंचित फरक आणि केसीन एक दिवस जुने, एवढे पुरेसे होते. तीन वेळा कालवून पाहिले. ओला जुळायचा, सुकला की एकदा लालसर व्हायचा, एकदा राखाडी.

दोन्ही फलक शेजारी ठेवून पाहिले आणि मग लक्षात आले की इथे छटा चुकण्यापेक्षा मोठे काहीतरी बिघडले आहे. मूळ मालेत शेतावरची बाई, बेड्या घातलेला पुरुष, फलाटावरचा म्हातारा आणि शाळेतली मुलगी यांच्या अंगावरचे रंग एकाच भांड्यातून आले आहेत. त्यामुळे १० क्रमांकाच्या टेबलाशी बसलेला माणूस ६० क्रमांकाच्या फलाटावर पोचला आहे असे डोळ्याला वाटते, नाव किंवा चेहरा न देताही. माझ्या दोन फलकांवर मात्र दोन वेगळ्या चित्रांतली दोन वेगळी माणसे होती. ज्या पद्धतीला मी वेळ वाचवण्याची युक्ती समजत होते ती खरे तर या कथेचा कणा आहे : साठ चित्रांतला एक समाज एकाच रंगातून घडवलेला आहे.

फलक ५७ वरचा सगळा रंग ओल्या स्पंजने आणि पॉलिश पेपरने काढला. केसीन सुकल्यावर लवकर निघत नाही, सात तास लागले आणि जेसोचा एक थरही गेला.

१४ जुलै

नव्याने सुरुवात. हार्लेममधील १२५व्या रस्त्यावरच्या खोलीत लॉरेन्स यांनी साठ फलक मांडले होते. माझे सहा फलक एका चादरीवर जमिनीवर दोन ओळींत बसले. रोझेनवाल्ड निधीची १५०० डॉलरची शिष्यवृत्ती त्यांना १९४० मध्ये मिळाली आणि तिच्यामुळेच एवढी मोठी जागा व एवढे साहित्य एकदम घेणे शक्य झाले. सर्व फलक एकाच वेळी रंगवायचे तर तेवढे बोर्ड आणि तेवढा रंग आधी हाताशी लागतो, हे आता खर्च मांडताना कळते.

पहिला रंग काळा. दिव्याची काजळी केसीनमध्ये मिसळेचना, नुसती वर तरंगत राहिली. काजळी पाणी धरत नाही. तिच्यावर आधी थोडे स्पिरिट शिंपडून लगदा केला आणि मग काचेवर केसीनबरोबर खलला, तेव्हा दाट मखमली काळा मिळाला. सहाही फलकांवर फक्त काळा लावून झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. प्रत्येक फलकावर थोडे थोडे काळे आणि बाकी पांढरे असे ते दृश्य पाहताना कुठल्या फलकात वजन डावीकडे आहे आणि कुठल्यात खाली आहे ते एकदम दिसले. एकेक चित्र रंगवताना हे कधीच दिसले नसते.

दुसरा रंग तपकिरी. या वेळी एकदम दोनशे मिली कालवला, चाचणी-तुकड्यावर सुकवून पाहिला, मगच वापरला. सहा फलकांना त्यातला निम्माही लागला नाही, उरलेला दुरुस्तीसाठी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवला. कमी पडण्यापेक्षा उरलेला बरा.

२० जुलै

फलक २२. गजांकडे तोंड करून उभे असलेले, एकमेकांशी बेड्यांनी जखडलेले तीन पाठमोरे पुरुष. रात्री रस्त्यावर दिसणे सुरक्षित नव्हते आणि क्षुल्लक निमित्ताने अटक होत असे, असा मथळ्याचा आशय आहे. चेहरे नाहीत, रक्त नाही, शिपाईही नाही. मनगटांची जागा अर्धा सेंटिमीटर चुकली तर तिघे एकत्र जखडलेले वाटत नाहीत, नुसते शेजारी उभे असलेले वाटतात. माझे दोनदा चुकले. झाकण्यासाठी उरवलेला तपकिरी कामी आला आणि छटा तंतोतंत जुळली.

या फलकावर काम करताना हात हळू चालतो. दिवसभरात दोन तासांपेक्षा जास्त करवले नाही आणि मी तसा प्रयत्नही केला नाही.

२७ जुलै

गेरू, पिवळी माती, हिरवा आणि निळा हे सगळे या आठवड्यात झाले. रंग कमी असले की काम भराभर होते. मधे एकदा वीज बराच वेळ गेली, फ्रिज बंद पडला आणि केसीनची बाटली आंबली. वास आलेले केसीन वापरू नये, त्याची पकड गेलेली असते. नवीन करायला दीड दिवस गेला. यापुढे एकदम अर्धा लिटर न करता दोनशे मिलीच करणार आहे.

हौदातल्या कपड्यांचे तुकडे रंगवताना एक जुनी हकीकत आठवली. हार्लेममधील युटोपिया चिल्ड्रन्स हाउस या केंद्रात शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गाला येणारा तेरा-चौदा वर्षांचा जेकब घरातल्या गालिच्यांचे नक्षीदार आकार खडूंनी रंगवीत बसे, आणि त्याचे शिक्षक चार्ल्स ऑल्स्टन यांनी त्याला शिकवण्याच्या नावाखाली त्याचा हात वळवला नाही. पुढे शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांनी खटपट करून त्याला सरकारी कला-प्रकल्पात चित्रकाराची नोकरी मिळवून दिली. मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून ऑल्स्टन यांचे ते न वळवणे मला फार मोठे वाटते. गरीब घरातल्या त्या गालिच्यांचा, जिन्यांचा आणि खिडक्यांचा रंग या हौदात आहे. आपल्या लोकांच्या घरातल्या वस्तू चित्रात येण्याइतक्या सुंदर आहेत हे त्या मुलाला कोणी पटवून द्यावे लागले नाही, आणि कोणी नाकारलेही नाही.

२ ऑगस्ट

मथळे. फलक शाळेत लावायचे असल्याने त्यांच्याखाली मराठी वाक्ये हवीत, आणि हे काम मला वाटले होते त्यापेक्षा कठीण निघाले. १९४१ च्या मूळ मथळ्यांत त्या काळी रूढ असलेला ‘निग्रो’ हा शब्द आहे. १९९३ मध्ये लॉरेन्स यांनी स्वतः मथळे पुन्हा लिहिले, वाक्ये आखूड केली आणि तो शब्द बदलून ‘आफ्रिकन अमेरिकन’ असा केला. मी १९९३ चे मथळे घेतले, कारण ती चित्रकाराचीच इच्छा आहे, आणि मराठीत ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द वापरला. तोच शब्द असलेले चित्रमालेचे मूळ नाव मात्र जसे होते तसे एका टिपेत दिले आहे, कारण ते लपवणेही मला योग्य वाटले नाही.

या निमित्ताने मुलांना सांगण्यासारखा एक धागा सापडला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केले होते. दास्यमुक्तीनंतर पन्नास वर्षांनी तीच माणसे आणि त्यांची मुले गाठोडी बांधून उत्तरेकडे का निघाली, हे लॉरेन्स यांचे फलक सांगतात. कायद्याने मुक्त झालेल्यांना उधारीची शेती, कापसावरची कीड, जमावाकडून होणाऱ्या हत्या आणि न्यायालयातला अन्याय यांतून पुन्हा सुटावे लागले. आणि उत्तरेत पोचल्यावरही उपाहारगृहात वेगळे बसावे लागले, हेही फलक ४९ मध्ये त्यांनी दाखवलेच आहे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख लोकांनी दक्षिण सोडली.

सर्वांत सोपा मथळा शेवटचा : ‘आणि स्थलांतरित येतच राहिले.’ आधी मी ‘येत राहिले’ लिहिले होते. ‘च’ घातल्यावरच फलाटावरची ती रांग संपत नाही असे वाटू लागले.

८ ऑगस्ट

पांढरा आणि फिके रंग आज लावून झाले. फलक ५७ मधल्या झग्याच्या पांढऱ्याने त्रास दिला. टायटॅनियम पांढऱ्याला इतर रंगांपेक्षा जास्त केसीन लागते हे ध्यानात न आल्याने झगा सुकल्यावर पिठासारखा बोटाला येऊ लागला. पातळ केसीनचा एक हात वरून दिला तर त्या भागाला बाकीच्या निस्तेज रंगांमध्ये खटकणारी चमक आली. चमकणारा भाग बारीक पॉलिश पेपरने अलगद घासून पुन्हा पांढरा लावायचा आहे. या वेळी आधी चाचणी-तुकड्यावर तीन प्रमाणे करून पाहिली आहेत आणि मधले चालते.

११ ऑगस्ट

खर्च : हार्डबोर्ड ७२०, कापणी १८०, सरस ३२०, खडूची पूड ९०, वाया गेलेले प्लास्टर ८०, रंगद्रव्ये २३५०, टाकणखार ६०, दूध २१०, कुंचले ६४०, पॉलिश पेपर १२०, मथळ्यांची छपाई १५०. एकूण ४९२० रुपये. पातेले यात धरलेले नाही. वेळ सुमारे ९६ तास, त्यापैकी निदान ३० तास चुका निस्तरण्यात गेले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा फलक ५७ एकटा पूर्ण करण्याच्या घाईचा आहे. पावसाळा टाळून नोव्हेंबरात सुरुवात केली असती तर बोर्ड वळण्याचा आणि केसीन आंबण्याचा त्रास बराच वाचला असता.

शाळेच्या लांब भिंतीवर फलक क्रमांकाने लावले, डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडे खाली, म्हणजे पाचवीच्या मुलांनाही सरळ पाहता येतील. एक मुलगी फलक ५८ समोर बराच वेळ उभी होती. मग तिने आपला हात चित्रातल्या मुलीसारखा वर करून पाहिला आणि मला विचारले, “बाई, हिचा आणि त्या धुणं धुणाऱ्या बाईंचा रंग एकच आहे ना?” मी हो म्हटले. ती ५७ पर्यंत मागे गेली, पुन्हा ५८ कडे आली आणि मग एकेक करत पहिल्या फलकापर्यंत गेली.

फलक ५७ चा झगा अजून दुरुस्त व्हायचा आहे. तो शनिवारी भिंतीवरून काढून घरी नेणार आहे. मथळा तोपर्यंत तिथेच राहील.